हीटरची गोष्ट: थंडीत डिझेल गाडी का रुसते?

इथे इंग्लंडात गाडीच्या काचेवर पहिलं दव गोठलं, की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही. बॅटरी बदलू का?" मागच्या हिवाळ्यात मी बदलली. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा तशीच खोकत उभी! दोष होता बोटाएवढ्या ग्लो प्लगमध्ये. वाई-पाचगणी घाटात टेम्पो ट्रॅक्स चालवलेले माझे काका त्याला 'हीटर' म्हणतात. आज या हीटरची गोष्ट सांगतो. ती कळली की बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथे हवा इतकी दाबायची की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं इंधन आपणहून पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांचं असं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे यशस्वी ठरलं. पण इंजिन गार असलं, की हवेची ऊब भोवतालचं लोखंडच पिऊन टाकतं. मग इंधन पेटणार कसं?

त्याआधीच, १८९० मध्ये, इंग्लंडच्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी आपल्या तेल-इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने ती इंजिनं बाजारात आणली. सिलिंडरच्या टोकाला एक पोकळ कप्पा असे. सुरू करण्याआधी तो ब्लो लॅम्पच्या ज्योतीने काही मिनिटं तापवायचा. एकदा इंजिन चालू झालं, की स्वतःच्या उष्णतेने तो तापलेला राही. शेतावर हे चालून गेलं. पण मोटारीत कोण ब्लो लॅम्प घेऊन फिरणार?

१९०९ मध्ये बेन्झ कंपनीतले प्रॉस्पर लोरांज यांनी इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटवण्याची रचना केली. त्यातून पुढे लहान, मोटारीत मावणारी डिझेल इंजिनं शक्य झाली. पण कप्पा वाढला तशा त्याच्या गार भिंतीही वाढल्या. म्हणून त्या कप्प्यात विजेवर लाल होणारी तार बसवली. हाच ग्लो प्लग. १९३६ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेन्झ २६० डी या मोटारीतही तो होता. चावी फिरवायची, तार तापेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. या थांबण्याला जर्मन लोक गमतीने 'रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मरणार्थ एक मिनिट' म्हणत.

आता बिघाडाकडे येऊ. जुन्या गाड्यांत हे प्लग दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असत. एक जळला की सगळे बंद. बोनेटखाली मेकॅनिक एकेका प्लगची दोन टोकं तारेने जोडून बघे. ज्याला वगळल्यावर बाकीचे लाल होत, तोच दोषी. पुढे प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज मिळू लागली. सोय झाली, पण दोष लपू लागला. एक प्लग मेला तरी उरलेल्या सिलिंडरांवर गाडी सुरू होते, फक्त थरथरते. उन्हाळ्यात तर कळतही नाही.

खुणा ओळखा. थंडीत स्टार्टर नेहमीच्या जोरात फिरतो, तरी इंजिन उशिरा पेटतं. मागून पांढरा धूर येतो, कारण डिझेल न जळताच बाहेर पडतं. मिनिटभर इंजिन हादरतं आणि तापल्यावर शहाण्यासारखं चालतं. स्टार्टर मुळातच मंद फिरत असेल, तर आधी बॅटरी बघा.

तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून प्लगची वायर काढा आणि मल्टिमीटरने प्लगच्या टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंतचा रोध मोजा. चांगला प्लग सहसा एक ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल, तर आतली तार तुटली आहे. सगळे प्लग ठीक निघाले, तर फ्यूज, रिले आणि वायर बघा. प्लगला वीज पोचतेय का, हाच खरा प्रश्न. नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात, त्यांना थेट बॅटरी लावू नका. गंजलेला प्लग जोर लावून काढू नका. तो आतच तुटला तर खर्च मोठा. ते काम गॅरेजवर सोडा.

काकांच्या ट्रॅक्सचं इंजिनही मर्सिडीजचंच होतं. ओएम ६१६ हे इंजिन आकुर्डीची बजाज टेम्पो कंपनी परवान्याने बनवत असे. माझी गाडी अडली तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "किती सिलिंडर पेटत होते रे?" मी ते ऐकलंच नव्हतं. मीटर लावला, तर चारपैकी दोन प्लग मेलेले. नवी बॅटरी फुकट गेली.

तेव्हा उद्या सकाळी चावी फिरवताना रेडिओ जरा बंद ठेवा, आमचा कार्यक्रम असला तरी! इंजिन काय म्हणतंय ते ऐका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.