साध्या सर्दीचा न्यूमोनिया कसा होतो? १९१८ च्या साथीने दिलेले उत्तर

"सर्दीच तर होती डॉक्टर, मग छातीत कफ कसा भरला?" सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. उत्तरासाठी शंभर वर्षांहून थोडे मागे जाऊ.

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरचे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. महायुद्धाचे दिवस होते, सैनिकांची जहाजे येत-जात होती. ही फ्लूची साथ होती. पहिली लाट त्या मानाने सौम्य निघाली. दुसरी सप्टेंबरात आली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. उपाशी माणसे आधी गेली. देशभरात एक कोटीहून जास्त लोक दगावले.

बहुतेकांचा जीव नुसत्या फ्लूच्या विषाणूने घेतला नव्हता. २००८ साली अमेरिकन संशोधकांनी त्या साथीतल्या मृतांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. नाकापासून श्वासनलिकांपर्यंतच्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते कफ आणि धूळ सतत बाहेर लोटतात. विषाणू हे अस्तरच खरवडून काढतो. मग एरवी नाकाघशात गुमान राहणारे न्यूमोकोकससारखे जिवाणू खाली फुफ्फुसात उतरतात. सायनसमध्येही असेच घडते: सुजेमुळे तोंड बंद होते, आत पाणी साचते आणि त्यात जिवाणू वाढतात.

त्या काळी डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हते. १८९२ साली जर्मनीत रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला आणि त्यांनी त्यालाच दोषी ठरवले. माणसातला फ्लूचा खरा विषाणू सापडला १९३३ मध्ये! तोवर नाव चिकटले होते: हिमोफिलस इन्फ्लुएंझी. फ्लू न करणारा हा 'इन्फ्लुएंझी' आजही सायनस, कान आणि छाती बिघडवतो.

१९१८ मध्ये प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिन फ्लेमिंगना १९२८ मध्ये दिसले. आपल्याकडे ते बनवायला पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. पण हे औषध जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. म्हणून सर्दीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मागितले तरी मी अँटिबायोटिक लिहून देत नाही. मेडिकलवरून परस्परही घेऊ नका.

मात्र ताप उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला, धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचू लागले किंवा कफात रक्त दिसले, तर त्याच दिवशी दाखवा. घरातले म्हातारे माणूस ताप नसतानाही अचानक असंबद्ध बोलू लागले, तरी थांबू नका. आणि घरात तान्हे बाळ असेल तर न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कार्ड काढून एकदा बघा, तीनही नोंदी आहेत का.