पचमढीचें ख्राइस्ट चर्च व हंगामी वस्तीचे दप्तर

विलायतेंत समुद्रकांठीं हवा खाण्यास येणाऱ्या लोकांसाठीं प्रार्थनामंदिरें बांधीत. हिंदुस्थानांत गोऱ्या अंमलदारांनीं तोच प्रकार विशेषेंकरून डोंगरावर केला. सर जॉन माल्कम यानें १८२८ सालीं महाबळेश्वरीं ठाणें वसविलें व तेथें १८४२ मध्यें ख्राइस्ट चर्च झालें, हें प्रसिद्धच आहे. आमच्या वर्धा जिल्ह्याचा संबंध मात्र पचमढीशीं येतो.

मध्यप्रांताची स्थापना १८६१ सालची. १८६२ मध्यें नागपुरांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याच वर्षीं कॅप्टन फोर्साइथ हा पचमढीच्या पठारावर जाऊन राहिला. पुढें प्रांताचा वरिष्ठ कारभार उन्हाळ्यांत नागपुराहून तेथें जाऊं लागला. आजारी गोऱ्या शिपायांनाही विश्रांतीस तेथेंच पाठवीत. या मंडळीसाठीं १८७५ सालीं ख्राइस्ट चर्च व १८९२ सालीं रोमन कॅथॉलिकांचें मंदिर बांधलें गेलें.

अशा मंदिराचीं बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचीं दप्तरें वाचतांना सावधगिरी पाहिजे. गिरडास ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यास हिंदु व मुसलमान दूरदूरहून येतात. त्या टेकडीवर जमलेलीं माणसें मोजून कोणी गिरडाची लोकवस्ती ठरवूं लागला, तर आपण त्यास हंसूं. परंतु मे महिन्यांत पचमढीस बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे आईबाप पचमढीचेच, असें मानणारा संशोधक तीच चूक करतो. ते नागपूरचे वा वर्ध्याचेही असूं शकतील. तेव्हां नोंदीचा महिना व पित्याचा हुद्दा हीं दोन्ही पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. अंमलदारांच्या पत्रांवरील 'पचमढी' या स्थलनिर्देशासही हाच न्याय लागू आहे.

दुसरें असें कीं, नागपूरचें स्वतंत्र बिशपक्षेत्र १९०३ सालीं झालें. तत्पूर्वीं येथील इंग्रजी चर्चचा कारभार कलकत्त्याच्या बिशपाकडे असे. दप्तरांच्या नकला लंडनास जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. म्हणून जुन्या नोंदी मुंबईच्या मालिकेंत न शोधतां बंगालच्या मालिकेंत शोधाव्या. १९५६ मध्यें वर्धा मुंबई राज्यांत आला व पचमढी मध्यप्रदेशांत राहिली. त्यामुळें आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचें हें साधन परप्रांतीचें समजून दृष्टीआड होण्याचा संभव आहे. तसें होऊं नये, व ज्यांच्या संग्रहीं अशीं पत्रें असतील त्यांनीं त्यांची तिथि व स्थळ जसेंच्या तसें उतरून ठेवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.