मुंबईतील चाळ : एक गुंतवणूक

१८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढे कामगारांची वस्ती वाढली, तशी भाड्यासाठी चाळ बांधणे हा भांडवल गुंतविण्याचा एक मार्ग ठरला. खोलीचे भाडे अल्प. परंतु नळ व शौचकूप सामाईक असल्याने बांधणीचा खर्च आटोक्यात राही. मालकाचा नफा काही अंशी भाडेकरूच्या गैरसोयीतून निघे, हे नमूद केलेच पाहिजे. भाडेनियंत्रण १९१८ सालीच आले होते; १९४७ च्या कायद्याने मात्र जुन्या घरांचे भाडे सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधले. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे जवळजवळ तेथेच राहिले. भाड्यात न मिळणारा मोबदला मग ‘पागडी’च्या रूपाने, कायद्याचा निषेध असताही, घेतला जाई. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तो उघडपणे घेण्यास मुभा दिली.