विळी, पाट आणि उखळीचा सांधा

माझी आत्या पेडणे महालातली. वीस वर्षे आमवाताने बोटे वाकलेली. शेवटी खुबाही गेला, तो बदलावा लागला. दोन महिने झाले आणि चवथ आली. नेवऱ्यांसाठी नारळ खोवायला ती सवयीने विळीवर बसली, पुढे वाकली आणि खुब्यात खट्कन आवाज झाला. भूल देऊन सांधा पुन्हा जागी बसवला. घरात कुणी डॉक्टरला दोष दिला, कुणी आत्याच्या हट्टाला. मला वाटते, निम्मा दोष इतिहासाचा आहे.

शाळेच्या पुस्तकात खुब्याला 'उखळीचा सांधा' म्हटलेले वाचकांना आठवत असेल. ही उखळ कृत्रिम करण्याचे प्रयत्न जुने. जर्मनीत ग्लुक यांनी १८९१ च्या सुमारास हस्तिदंत वापरून पाहिले. १९३८ साली लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी पोलादाची वाटी आणि गोळा दोन्ही बसवले, तेही लहानपणीच संधिवात जडलेल्या रुग्णांना. म्हणजे ही शस्त्रक्रिया संधिवाताच्या घरचीच! खरे यश मात्र १९६२ मध्ये, इंग्लंडातील रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांना लाभले. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यांनी गोळा मुद्दाम लहान घेतला, जेमतेम २२ मिलिमीटरचा. निसर्गाचा गोळा याच्या दुप्पट. झीज थांबली नाही तरी पुष्कळ मंदावली; पण लहान गोळ्याला वाटीच्या काठावरून निसटायला थोडेच अंतर पुरते.

हा सांधा खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशात घडला. आमच्याकडे पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा निघाली, पाश्चात्त्य औषध आले. पण पेडणे-डिचोलीच्या नव्या काबिजादीतले स्वयंपाकघर पाटावरच राहिले. जमिनीलगत बसले की गुडघा खुब्याच्या वर जातो. त्यात पुढे वाकून मांडी आत वळली, की कृत्रिम हाडाची मान वाटीच्या काठावर अडते, तरफेसारखी उचलते आणि गोळा मागे निघतो. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही भीती अधिक, कारण कापलेले आवरण भरून आलेले नसते.

आमवाताच्या रुग्णाचे दुखणे इथे दुहेरी. त्याचे स्नायू क्षीण, सांध्याचे आवरण सैल. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींवरून २०१४ साली दिसले, की साध्या झिजेच्या रुग्णांपेक्षा आमवाताच्या रुग्णांत खुबा निखळण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. तरीही शंभरात दोन-तीनच. घाबरून शस्त्रक्रिया टाळावी असा हा आकडा नव्हे. पाठीचा कणाच आखडला असेल तर गोष्ट आणखी वेगळी: बसताना कटी मागे कलत नाही आणि वाटी हवी तशी उघडत नाही.

उपायही निघाले. फ्रान्समध्ये बुस्के यांनी १९७० च्या दशकात गोळ्यावर आणखी एक फिरता गोळा चढवला. पुढे न झिजणारे म्हणावे असे चिवट प्लॅस्टिक आले आणि ३६ मिलिमीटरचे गोळे वापरता येऊ लागले. कोणता सांधा घालणार, हे म्हणूनच आधी विचारावे. आणि आपण घरी कुठे, कसे बसतो तेही डॉक्टरला आपणहून सांगावे. आत्याला ते कुणी विचारले नव्हते, तिनेही सांगितले नव्हते.

पुढच्या चवथीला सुताराने तिची विळी उंच मेजावर ठोकून दिली. नारळ तिनेच खोवले, उभ्याने. आरतीला सोप्यावर दोन उशा घालून बसली आणि माटोळी नीट बांधली नाही म्हणून तिथूनच ओरडत राहिली.