भूमीचा आधार : पार्थपूर ते किल्लारी

गोदावरीच्या उत्तरेस वसलेल्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीत, इ.स. 1503च्या सुमारास ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाचार्याने ‘सिद्धान्तसुंदर’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ग्रहगणित हा त्याचा मुख्य विषय. परंतु त्यातील भुवनकोशाच्या प्रकरणात त्याने असा एक प्रश्न हाताळला आहे की, तो विज्ञानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पृथ्वी कशावर उभी आहे? भास्कराचार्यांनी 1150मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त याचे उत्तर देऊन ठेवले होते : पृथ्वी स्वतःच्या शक्तीने अवकाशात निराधार आहे, तिला आधार मानला तर त्या आधारालाही दुसरा आधार मानावा लागेल आणि ही साखळी कोठेच संपणार नाही. ज्ञानराजाला हे पटले नाही. पृथ्वी गोल आहे हे मान्य करूनही शेष, वराह आदी पुराणोक्त आधारांची बाजू त्याने घेतली. पुढे त्याच्याच पुत्राने, सूर्यदासाने, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या. एका घरातील हा वाद म्हणावा की विद्येची रीत?

ज्ञानराजाचा पक्ष हरला, हे उघड आहे. मात्र त्याला हसण्याची घाई आम्ही करणार नाही. पायाखाली काय आहे, हा प्रश्न शास्त्रात येण्याजोगा आहे असे त्याला वाटले, हेच पुरेसे आहे. त्यानंतर पाथरीचे नाव इतिहासात येते ते निजामशाहीच्या पूर्वजांचे गाव म्हणून आणि वऱ्हाडच्या इमादशाहीशी झालेल्या तंट्याचे कारण म्हणून. वृत्तपत्रांत ते अलीकडे गाजले 2020च्या जानेवारीत, साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादात. जमिनीवरून तंटे पुष्कळ झाले. जमिनीखालच्या प्रश्नाकडे मात्र कोणी वळले नाही.

तो प्रश्न परतला तो विद्यापीठाच्या वाटेने, आणि परक्या शब्दांतून. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1830च्या दशकात दख्खनच्या खडकांचे वर्णन केले. 1851मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. ज्या काळ्या खडकावर आपण राहतो त्याचे ‘ट्रॅप’ हे नाव स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आले. बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरांकडे पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते कळते. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांची झीज कमीजास्त झाल्याने उतारांना पायऱ्यांचा आकार आला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची ही घटना. आज त्या थरांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

पाथरीच्या विद्यार्थ्यापुढे भाषेचा पेच आणखी एका कारणाने होता. 1948पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील उस्मानिया विद्यापीठ, स्थापना 1918, उर्दू माध्यमाचे. भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून तेथे पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूत आणली गेली. पुण्याकडे जावे तर फर्ग्युसनमध्ये इंग्रजी. उर्दूत या शास्त्राला ‘तबकातुल अर्ज’ असेही म्हणतात, म्हणजे ‘भूमीचे थर’. मराठीत आपण म्हणत आलो ‘भूगर्भशास्त्र’. भाषेचे अध्यापक म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते की, येथे उर्दू शब्द सरस आहे. गर्भ म्हटले की काहीतरी गूढ, झाकलेले, जन्माची वाट पाहणारे डोळ्यांपुढे येते. थर म्हटले की एकेक उलगडून वाचता येते. दख्खनच्या भूमीला तर हा शब्द स्वीडिश पायरीइतकाच चपखल बसतो. पुढे मराठी विश्वकोशाने ‘भूविज्ञान’ हा सोज्वळ शब्द रूढ केला. 1976पासून निघू लागलेल्या त्या खंडांत प्रा. क. वा. केळकरांसारख्यांनी लिहिलेल्या नोंदी आजही वाचनीय आहेत. ‘शिलारस’, ‘जीवाश्म’, ‘महाकल्प’ हे शब्द तेथे असे काही नांदतात की ते घडवावे लागले असतील याची शंकाही येऊ नये. दुर्दैव एवढेच की, पदवीच्या वर्गात मराठवाड्यातला विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहितो ती इंग्रजीतच.

आणि तो कोऱ्या पाटीने आलेला नसतो. विहीर खणताना वर काळी माती, मग चुनखडी किंवा मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण, मध्येच कोठे तांबडा गेरूसारखा थर, हा क्रम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असतो. मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेला बेसॉल्ट. तो झिजलेला असेल तर पाणी लागण्याची आशा धरावी, हे पाथरवटाला कोणी शिकवावे लागत नाही. तांबडा थर हा त्याहून अर्थपूर्ण. एक प्रवाह थिजल्यावर त्याचा माथा उघडा पडून कुजू लागला, आणि मग त्यावर दुसरा प्रवाह आला, असे तो सांगतो. दोन प्रवाहांमध्ये बरीच वर्षे गेली याची ती खूण. हे सारे ज्ञान विद्यापीठाच्या दारात वेगळ्या नावांनी पुन्हा शिकवले जाते आणि जुनी नावे बाहेरच राहतात. हानी दोन्हीकडे होते. शास्त्राचा एक साक्षीदार गमावतो आणि विद्यार्थ्याला वाटते की, आपल्या विहिरीचा या विषयाशी संबंध नाही.

तो संबंध 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे दिसला. पाथरीपासून दक्षिणेला सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर किल्लारी आहे. त्या भूकंपाची तीव्रता 6.2 होती आणि त्यात हजारो माणसे मेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, प्राचीन ढाल, असे तोवर वर्गात शिकवले जात असे. भूकंपाची चिंता हिमालयाने आणि फार तर कोयनेने करावी. आदल्या वर्षी, 1992मध्ये, त्या भागात धक्के बसले होते, लोक भ्यालेही होते. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे मात्र तशीच उभी होती आणि तीच झोपलेल्यांच्या अंगावर आली. पुढच्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1994 रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे भूशास्त्राचे संकुल आहे. आमच्या मते मराठवाड्यातील विद्यापीठांत हा विषय इतर शाखांत प्रवेश न मिळालेल्यांची सोय म्हणून राहता कामा नये. पाणी कोठे लागेल आणि भिंत कोठे पडेल, हे दोन्ही येथे याच शास्त्राला विचारावे लागते.

भूकंपानंतर किल्लारीला एक खोल वेध घेण्यात आला. 338 मीटरपर्यंत बेसॉल्ट, एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर. त्याखाली अवघा 8 मीटर गाळ, लाव्हा येण्यापूर्वी साचलेला. मग त्याहून कितीतरी जुना, 200 कोटी वर्षांपलीकडचा, ग्रॅनाइटसारखा पट्टेदार खडक. 617 मीटरांवर यंत्र थांबवले, तेव्हाही खाली तोच खडक होता.