मुरवलेला मध आणि व्हिनेगर

औषधी किंवा सुगंधी वनस्पती मधात अथवा व्हिनेगरमध्ये (शिर्का) काही आठवडे बुडवून ठेवायची आणि तिचा स्वाद, गंध व विरघळणारी द्रव्ये त्यात उतरली की गाळून घ्यायची, अशी ही घरगुती कृती आहे. मध व व्हिनेगर एकत्र करून होणाऱ्या आंबटगोड औषधी पाकाला युरोपात ऑक्सिमेल आणि इराणात सिकंजबीन म्हणतात. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या आयुर्वेदातील पाच मूलभूत कल्पनांपैकी हिमाशी या कृतीचे नाते सर्वांत जवळचे, कारण दोन्हींत चूल लागत नाही. मात्र हिम रात्री भिजत घालून सकाळी संपवतात, तर मुरवलेला मध किंवा व्हिनेगर महिनोन्‌महिने ठेवायचे असते. त्यामुळे ते टिकेल का, या प्रश्नाला इथे चवीइतकेच महत्त्व येते. त्याचे उत्तर बहुतांशी पाण्याच्या हिशेबात आहे.

इतिहास : हिपॉक्रेटीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथसंग्रहात तीव्र आजारांतील पथ्याविषयी एक ग्रंथ आहे. त्यात छातीतला कफ सुटण्यासाठी ऑक्सिमेल कसे व केव्हा द्यावे याची चर्चा येते. इब्न सीना (९८०–१०३७) याने सिकंजबीनवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि युनानी वैद्यकाबरोबर हा पाक भारतातही आला. आजच्या इराणी घरांत मधाऐवजी बहुधा साखर वापरतात आणि पुदिना घालून केलेल्या सिकंजबीनमध्ये सॅलडची कोवळी पाने बुडवून खातात. ब्रिटिश फार्माकोपियात स्क्विल या कंदाचे ऑक्सिमेल कफोत्सारक म्हणून अधिकृत औषध होते. त्या कंदाचा भारतीय भाऊबंद म्हणजे आपल्याकडचा कोळकांदा. त्यातील ग्लायकोसाइडे थेट हृदयावर परिणाम करतात. जुन्या पुस्तकातली कृती पाहून कोळकांदा घरच्या बरणीत घालणे प्राणावर बेतू शकते.

आयुर्वेदात आंबवलेल्या आंबट द्रवांचा ‘शुक्त’ हा एक वर्ग आहे. त्यातील मधुशुक्ताची कृती या नोंदीच्या विषयाशी विलक्षण जुळते. जंबीर नावाच्या लिंबाचा रस एक प्रस्थ, मध एक कुडव आणि पिंपळी एक पळ, म्हणजे १६ : ४ : १ असे प्रमाण घ्यायचे. मिश्रण मातीच्या भांड्यात भरून धान्याच्या राशीत महिनाभर पुरून ठेवायचे. धान्याच्या राशीत तापमान फारसे वरखाली होत नाही व प्रकाश पोहोचत नाही. आज काचेची बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी असे सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे. मधुशुक्ताचा उपयोग मुख्यतः कानाच्या विकारांवरील क्षारतेल सिद्ध करताना होई. म्हणून त्याला पोटात घेण्याच्या ऑक्सिमेलचा भारतीय अवतार म्हणता येणार नाही. आंबट, मध आणि तिखट वनस्पती यांचा मेळ इथल्या वैद्यांनीही ओळखला होता, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते.

अमेरिकेत रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधितज्ज्ञ बाईंनी १९८०च्या सुमारास आले, लसूण, कांदा, हॉर्सरॅडिश व तिखट मिरची सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून आणि त्यात मध घालून ‘फायर सायडर’ लोकप्रिय केले. पुढे एका कंपनीने या नावावर व्यापारचिन्ह मिळवले. घरोघरी होणाऱ्या पदार्थाचे नाव कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये म्हणून वनौषधी करणाऱ्या स्त्रियांनी न्यायालयात झुंज दिली आणि २०१९ मध्ये ते नाव सर्वसामान्य असल्याचा निर्णय झाला. घरगुती औषधज्ञानाच्या इतिहासात या निकालाची नोंद ठेवायलाच हवी.

मध : पक्व मधात साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. बाकी बहुतेक साखर, मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज. साखरेचे प्रमाण इतके जास्त असल्याने मधात पडलेल्या सूक्ष्मजीवांना वाढायला मोकळे पाणीच उरत नाही. शिवाय मध आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ४च्या आसपास असतो. परंतु पाणी २० टक्क्यांच्या वर गेले की मधात मुळातच असलेली यीस्ट जागी होते आणि मध फसफसू लागतो. सह्याद्रीतील सातेरी माशीचा मध युरोपीय माशीच्या मधापेक्षा बहुधा पातळ असतो, म्हणजे तो या सीमेच्या जवळच असतो. त्यात मध हवेतील ओलही शोषतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडा मध पाणी धरू लागतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती याहून कितीतरी अधिक असते. म्हणून मध मुरत घालण्याचे काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत उरकावे. आषाढात बरणी उघडून रोज ढवळणे टाळावे.

ओली पाने मधात घातली की साखर त्यांतले पाणी ओढून घेते. दोन दिवसांत मध पातळ होतो व पाने सुरकुतून वर तरंगतात. औषध उतरले म्हणून पुष्कळांना याचा आनंद होतो. प्रत्यक्षात मध बिघडायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून साठवणीच्या मधासाठी वनस्पती वाळवलेलीच घ्यावी, हा या कृतीतला पहिला नियम. तुळस, पुदिना, गवती चहा ही पाने सावलीत, हाताने चुरली की कुरकुरीत मोडतील इतकी वाळवावीत. आल्याऐवजी सुंठ घ्यावी. दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरे, बडीशेप व ज्येष्ठमध मुळात कोरडेच असतात, म्हणून नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

कृती सोपी आहे. रुंद तोंडाची काचेची बरणी धुऊन उन्हात कोरडी ठणठणीत करावी. मापाने एक भाग भरडलेली वनस्पती घालून तिच्यावर चार ते पाच भाग मध ओतावा. कोरड्या काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत व झाकण घट्ट लावावे. पहिले आठ दिवस बरणी रोज एकदा उलटसुलट करावी. दोन ते चार आठवड्यांनी चव पाहून गाळावा. भरड फार बारीक केली तर मध गढूळ राहतो व गाळताना जीव मेटाकुटीला येतो. मिऱ्याचे तीनचार तुकडे होतील इतपत कुटणे पुरे. गाळून उरलेल्या चोथ्याला बराच मध चिकटलेला असतो. तो टाकू नये, गरम पाण्यात घालून त्याच दिवशी प्यावा.

मध तापवावा का, यावर मतभेद आहेत. पाश्चात्त्य पुस्तकांत मंद आचेवर तापवून लवकर मुरवण्याची कृती सर्रास आढळते. चरकसंहितेत तापवलेला मध कडकडीत निषिद्ध मानला आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर उष्णतेने मधातील विकरे (एन्झाइमे) निकामी होतात आणि हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल हे द्रव्य वाढते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात मधातील या द्रव्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे आणि उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८०. आपल्या हवामानात मध मुरवायला आच लागतच नाही. थंडीत गोठलेला मध सैल करायचा असल्यास बरणी कोमट पाण्यात बसवावी. गोठणे हे भेसळीचे लक्षण नाही. उलट, अंगठ्यावरचा थेंब, पाण्याचा पेला, जळती काडी या घरगुती परीक्षांनीही आजच्या साखरपाकाची भेसळ कळत नाही. २०२० साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने केलेल्या तपासात हा पाक नेहमीच्या प्रयोगशाळा-चाचण्यांतूनही सुटत असल्याचे दिसले होते. महाबळेश्वर परिसरातील मधपाळांकडून किंवा ओळखीच्या संकलकाकडून मध घेणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे.

लसूण मधात मुरवण्याची चाल अलीकडे फार पसरली आहे, पण ती साठवणीसाठी योग्य नाही. लसणात पाणी भरपूर व आम्लता कमी असते, आणि मातीतून येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्यावर असू शकतात. मध पातळ झाला की त्यांना आडकाठी उरत नाही. ओला लसूण, ओले आले किंवा ताजा आवळा मधात घालायचाच असेल, तर थोडा करून फ्रीजमध्ये ठेवावा व लवकर संपवावा. लसणासाठी व्हिनेगरच योग्य.

व्हिनेगर : आंबवलेल्या रसातील अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचे हे काम लुई पाश्चर याने १८६०च्या दशकात उलगडून दाखवले. भारतीय अन्नमानकांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३·७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावे लागते. मुरवण्यासाठी ५ टक्क्यांचे उत्तम. दुकानातील स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा आम्लात पाणी मिसळून केलेले कृत्रिम असते आणि तसे लेबलावर लिहिलेले असते. टिकवण्याचे काम तेही करते, पण त्याची चव एकसुरी व झोंबरी असते. सफरचंदाचे, उसाचे, जांभळाचे किंवा माडाच्या सुरेचे व्हिनेगर वनस्पतीला सांभाळून घेते. गोव्यात माडाच्या व्हिनेगरला मोठी परंपरा आहे. लाल मिरच्या, लसूण व मसाले त्यात वाटून केलेला रेशाद मसाला महिनोन्‌महिने टिकतो, त्याचे श्रेय या आम्लालाच. घरी आंबवलेल्या व्हिनेगरची तीव्रता मात्र दर खेपेस बदलते. ती ठाऊक नसेल तर ओल्या वनस्पतीसाठी ते वापरू नये.

मधात वर्ज्य असलेली ओली पाने इथे चालतात, कारण थोडे पाणी सुटले तरी आम्ल पुरून उरते. ५० ग्रॅम वाळवलेल्या वनस्पतीला अर्धा लिटर व्हिनेगर, ओली असल्यास तेवढ्याच व्हिनेगरला १०० ते १५० ग्रॅम, असे प्रमाण धरावे. वनस्पती पूर्ण बुडलेली राहिली पाहिजे. वर आलेल्या पानावर बुरशी धरते, आणि धरली तर सगळी बरणी टाकून द्यावी. झाकण प्लॅस्टिकचे असावे किंवा धातूच्या झाकणाखाली बटर पेपर घालावा. तांब्यापितळेची व ॲल्युमिनियमची भांडी व्हिनेगरला वर्ज्य आहेत. चकाकी तडकलेल्या जुन्या चिनी मातीच्या बरण्याही टाळाव्यात, कारण काही जुन्या लेपांत शिसे असते. दोन ते चार आठवड्यांनी मलमलीच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरावे.

व्हिनेगरमध्ये मुरलेला लसूण कधीकधी निळाहिरवा होतो. आम्लामुळे त्यातील गंधकयुक्त संयुगांत घडणाऱ्या बदलांचा हा रंग असून तो निरुपद्रवी आहे. जास्वंदीच्या पाकळ्या आणि लाल अंबाडीची बोंडे व्हिनेगरला माणकासारखा लाल रंग देतात. गोकर्णाची निळी फुले त्यात जांभळट गुलाबी होतात. बऱ्याच वनस्पतींतील अल्कलॉइडे आम्लात पाण्यापेक्षा बरी उतरतात. राळ व तेलकट द्रव्ये मात्र फारशी उतरत नाहीत.

ऑक्सिमेल : वनस्पती मुरवून गाळलेल्या व्हिनेगरमध्ये समभाग मध मिसळणे हा सर्वांत निर्धोक प्रकार. गोड हवे असल्यास दोन भाग मध घ्यावा. मधातल्या पाण्याची धास्ती इथे संपते, कारण व्हिनेगरचे आम्ल राखणदार असते. त्यामुळे ओल्या आल्याचा, ओव्याच्या पानांचा किंवा ताज्या तुळशीचा साठवणीचा मध हवा असेल, त्याने ऑक्सिमेलच करावे. एक-दोन चमचे कोमट पाण्यातून घेतात. कोशिंबिरीवरही ते छान लागते.

उपयोग व मर्यादा : मधाने खोकला शमतो याला चांगला आधार आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, २ ते १८ वर्षे वयाच्या १०५ मुलांवरील चाचणीत झोपण्यापूर्वी मध दिलेल्या मुलांचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाल्याचे पालकांनी नोंदवले. हा गुण मधाचा होता. त्यात तुळस किंवा अडुळसा मुरवल्याने तो किती वाढतो, हे त्यावरून ठरत नाही. व्हिनेगर नेहमी पाणी घालूनच घ्यावे. नुसते घेतल्यास दातांचे आवरण झिजते. ज्येष्ठमध सतत घेतल्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो वर्ज्य करावा. मधुमेहींनी मधाची साखर साखरच धरावी.

एक वर्षाखालील बाळाला कोणताही मध देऊ नये, मुरवलेला तर नाहीच. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि मोठ्यांना न बाधणारे हे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून त्याला पक्षाघातासारखी विकलता आणू शकतात. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची व पुढे बाळघुटी मधातून देण्याची रीत आहे. ज्या घरांत ती अजून पाळली जाते, तिथल्या आजीबाईंनी बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाची बरणी फळीवरच ठेवावी.