जोर आणि टिकाव

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. आज इथल्या राइस मिल विजेवर चालतात, पण वीज नव्हती किंवा असूनही तिचा भरवसा नव्हता तेव्हा खेड्यापाड्यांतली गिरणी म्हणजे ऑइल इंजिन. ‘टुक... टुक... टुक’ असा त्याचा आवाज शेताच्या बांधापर्यंत यायचा. या जातीचं एक प्रसिद्ध इंजिन म्हणजे इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं. १९३०च्या सुमारास ते निघालं आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या बेसुमार नकला केल्या. आपल्याकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी डिझेल इंजिनं बनवली, १९४६मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली.

या लिस्टरचा हिशेब मोठा गमतीचा आहे. सिलिंडर जवळपास १४०० सीसीचा, फेरे मिनिटाला ६५० आणि ताकद फक्त ६ हॉर्सपॉवर! मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, पण ताकद सदतीसच्या आसपास. आकारानं निम्मं आणि जोर सहापट, तो आला कुठून? मुख्यतः फेऱ्यांतून. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे तितक्या जास्त वेळा इंधनाचा भडका, तितकं जास्त काम. पण या सौद्याची दुसरी बाजू आहे. फेरे दुप्पट केले की पिस्टनला वर-खाली खेचणाऱ्या दांड्यावरचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा केसाहून पातळ पडदा असतो. तो फाटला की लोखंडाला लोखंड भिडतं आणि काही क्षणांत सगळं संपतं.

मी कविता लिहिणारा माणूस. इंजिनाशी माझं नातं हातांचं नाही, कानांचं. माझ्या मामूंचं गॅरेज होतं. जीप आली की मामू लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मुशायऱ्यात एखादा मिसरा वजनातून निसटला की जाणकार मान हलवतात, तशी त्यांची मान हले. ‘तीन नंबरचा दांडा बोलतोय,’ एवढंच म्हणत.

या जीपची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ‘जोर वाढवला तर इंजिन टिकेल का’ या प्रश्नाचं इतकं सुंदर उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. अमेरिकेतल्या विलिस कंपनीत १९३८मध्ये बार्नी रूस नावाचे इंजिनिअर आले. कंपनीच्या छोट्या मोटारीचं इंजिन ४८ हॉर्सपॉवरचं होतं, आणि जोरात पळवत ठेवलं तर तासभरही धड टिकत नव्हतं, बेअरिंगं जात. रूस यांनी नवं इंजिन काढलं नाही. होतं तेच घेतलं आणि त्याचा एकेक कच्चा दुवा शोधत गेले. पिस्टन हलके केले, धातू सुधारले, भागांमधली फट काटेकोर केली. ते इंजिन ६० हॉर्सपॉवरचं झालं आणि तासन् तास पूर्ण वेगानं पळूनही टिकू लागलं. तेच युद्धातल्या जीपमध्ये बसलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे पेट्रोल महागलं तशी जीपमध्ये डिझेल इंजिनं आली आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या रस्त्यांवर काळी-पिवळी धावू लागली. आत किती माणसं आणि टपावर किती, हे विचारू नये. त्या जीपवर एकेका घराची चूल पेटायची. इंजिन बसलं की ते उतरवून, बोअर करून, पुन्हा बांधून होईपर्यंत घरात उधारी. टिकाव हा आमच्याकडे हौसेचा विषय कधीच नव्हता.

हौशी मंडळींचा मार्ग वेगळा. फियाटच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचं हेड घासायचं, म्हणजे दाब वाढतो आणि जोरही वाढतो. पण दाब वाढला की पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता आपलं आपणच भडकू लागतं. तीच ती खटखट, नॉकिंग. त्यात पिस्टनला भोकं पडतात. या रोगावर अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१मध्ये औषध शोधलं, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचं. इंजिनं शांत झाली, पण शिसं लेकरांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात ते पेट्रोल २०००च्या फेब्रुवारीत बंद झालं. इंजिनाच्या टिकावासाठी माणसाच्या टिकावाचा बळी, हा सौदा मला आजही अस्वस्थ करतो.

टोकाची गोष्ट बीएमडब्ल्यूची. त्यांच्या रस्त्यावरच्या साध्या मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा घेऊन, टर्बो लावून, १५०० सीसीचं शर्यतीचं इंजिन बनलं. १९८३मध्ये नेल्सन पिके त्यावर जगज्जेते झाले. पुढे पात्रता फेरीपुरता त्यातून हजारावर हॉर्सपॉवर काढत. काही फेऱ्या झाल्या की इंजिन बाद. याच्या उलट आपल्याकडे कोइमतूरचे करिवर्धन. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती गाडी बनवली, तीत इंजिन मारुती ८००चं. स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून मध्यमवर्गातल्या मुलांनाही शर्यत परवडू लागली. माझ्या मते करिवर्धन यांचं काम मोठं.

आता गोंदियातली पोरंही लॅपटॉप जोडून टर्बोचा दाब वाढवून घेतात. हेड घासायला नको, हात काळे करायला नकोत. पण नियम जुनेच आहेत. शंभर हॉर्सपॉवर चाकांकडे जातात तेव्हा साधारण तितकीच उष्णता रेडिएटरच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५वर असताना कोहमाऱ्याच्या हायवेवर तो रेडिएटर ती टाकणार कुठे? शिवाय क्लच, गिअर, ब्रेक हे सगळे कंपनीनं मूळ जोराच्या हिशेबानं दिलेले असतात. इंजिन तगलं तरी ब्रेक तगेलच असं नाही, आणि रस्त्यावर समोरून सायकलवर शाळेची मुलं येत असतात.

दरम्यान पेट्रोलही बदललं. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते सहजी खटखट होऊ देत नाही, हा त्याचा गुण. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून मिस्त्री आधी नळ्या बदलायला सांगतात. देशात हे इथेनॉल उसाप्रमाणेच मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासूनही काढतात. ज्या कणीला आमच्याकडे कोंबड्यांपुढे टाकत, ती आता मोटारीच्या टाकीत पोचली आहे.